टाकाने लिहायचंय? आधी शाईचं बघा

हौसेने टाक आणणारी बरीच माणसं आठ-पंधरा दिवसांत तो ड्रॉवरमध्ये ठेवून मोकळी होतात. अक्षर फुटतं, पहिल्याच शब्दावर डाग पडतो, चौथ्या अक्षराला शाई संपते. मग ‘आपला हातच वळत नाही’ म्हणून विषय मिटतो. हाताचा दोष त्यात थोडाच असतो. घरात फाउंटन पेनच्या शाईची बाटली असते, टाक त्यातच बुडवला जातो, आणि खरी गडबड तिथे होते.

फाउंटन पेनमध्ये शाई फीडच्या, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या तुकड्याच्या, बारीक खाचांमधून यायची असते, म्हणून ती मुद्दाम पातळ ठेवलेली असते. टाकाला फीड नाही. निबेच्या पोटाशी शाईचा एक थेंब नुसता चिकटलेला असतो. तो कागदावर किती बेताने उतरेल, हे मुख्यतः शाईच्या घट्टपणावर ठरतं. पातळ शाई असली की अख्खा थेंब पहिल्याच दोन रेघांत खाली येतो. म्हणून या लेखात निब, कागद, हात सगळ्यांबद्दल सांगितलं आहे, पण जास्त जागा शाईला दिली आहे.

निब आणि होल्डर

निबांची दोन घराणी आहेत. टोकदार निबेत रेघेची जाडी दाबाने येते: दाबलं की दोन पाकळ्या फाकतात आणि रेघ रुंद होते, सोडलं की केसासारखी बारीक. कट निबेचं टोक सपाट कापलेलं असतं. तिथे दाबाचं काम नाही, जाडी-बारकाई येते ती टोकाच्या रुंदीतून आणि धरण्याच्या कोनातून. बोरूचं तत्त्वही हेच.

एकोणिसाव्या शतकात जगातल्या पोलादी निबांचा मोठा वाटा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या एका शहरातून येत असे. जोसेफ जिलॉट, विल्यम मिचेल ही तिथलीच नावं. जिलॉट 303 किंवा 404 असे निबांचे क्रमांक आजही चालतात. पण सुरुवात त्यांनी करू नका. 303 नाजूक आहे. नवशिक्याचा दाब जरा जास्त झाला की पाकळी वाकते, आणि एकदा वाकलेली पाकळी सरळ होत नाही. सुरुवातीला जपानी मांगा (चित्रकथा) चित्रकारांची ‘जी’ निब घ्यावी, निको जी किंवा झेब्रा जी. या ताठ असतात आणि बराच आडदांडपणा सहन करतात. ब्राउझ 361, म्हणजे निळसर ‘स्टेनो’ निब, थोडी मऊ आणि तीही भरवशाची. हात बसला की मग लिओनार्ट प्रिन्सिपल, हंट 101, जिलॉट 303 यांच्याकडे वळा.

होल्डर साधा, सरळ, लाकडी असला तरी चालतो. फक्त निब त्यात घट्ट बसायला हवी, हलता कामा नये. नकाशे काढायच्या अगदी छोट्या नळीदार निबांना वेगळा होल्डर लागतो, हे ऑनलाइन मागवताना लोकांच्या लक्षात येत नाही. बाजूला पितळी पट्टी असलेला तिरका होल्डर कॉपरप्लेटसारख्या उजवीकडे झुकलेल्या रोमन अक्षरांसाठी असतो. तिथे अक्षराचा कल साधारण 55 अंशांचा ठेवतात आणि सरळ होल्डरने मनगट फारच वळवावं लागतं. उभ्या देवनागरीला त्याची गरज नाही.

कट निब घेणार असाल तर एक गोष्ट दुकानातच विचारा. रोमनसाठी टोकाला दिलेला तिरका उतार आणि देवनागरीसाठी लागणारा उतार एकमेकांच्या उलट असतो. परदेशी संचात बहुधा रोमनचाच विचार केलेला असतो. टोक सरळ कापलेलं असेल तर प्रश्न नाही, कोन आपण हाताने देतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर जुन्या स्टेशनरी दुकानांत कधी कधी पूर्वीच्या निबांचे डबे सापडतात. घेण्याआधी निब उजेडासमोर धरा. दोन्ही पाकळ्यांची टोकं एका रेषेत हवीत, मधली चीर सरळ हवी आणि तिच्याजवळ गंज नको. मागच्या बाजूला थोडा तांबूसपणा असला तर बिघडत नाही.

नव्या निबेचं तेल

निब गंजू नये म्हणून कारखान्यात तिला तेलाचा किंवा लाखेसारखा पातळ थर दिलेला असतो. त्यावर शाई टिकत नाही, थेंबाथेंबांनी गोळा होते. पहिल्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी यातूनच येतात.

जुन्या टूथब्रशवर भांडी घासायचं साबण-द्रावण किंवा पांढरी टूथपेस्ट घ्या, निबेच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा, धुवा, पुसा. मग निब साध्या पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाणी सगळीकडे सलग पसरलेलं दिसलं तर निब तयार. मणी जमले तर पुन्हा घासा. काही जण लायटरच्या ज्योतीतून निब फिरवतात. थर जळतो खरा, पण दोन सेकंदांच्या जागी पाच झाले की पोलाद निळं पडतं, त्याचा ताण जातो आणि निब कायमची मऊ होते. टूथपेस्ट घरात असताना हा उद्योग कशाला?

शाई

*फाउंटन पेनची शाई.* हिच्याशिवाय घरात दुसरी नसेल तर हिलाच घट्ट करा. एका लहान रुंद तोंडाच्या बाटलीत 10 मिली शाई घ्या आणि जलरंगाच्या सामानात मिळणारा द्रवरूप गम अरेबिक, म्हणजे डिंकच, पाच-सहा थेंब घाला. ढवळा, हलवू नका, हलवली की फेस होतो. एक रेघ ओढून बघा. अजून पसरत असेल तर आणखी दोन थेंब. रेघ वाळल्यावर चकाकायला लागली किंवा शाई निबेवरून उतरेनाशी झाली की डिंक जास्त झाला समजा आणि थोडी शाई वाढवा. मूळ बाटलीत डिंक कधीच घालू नये, कारण तीच बाटली उद्या कोणीतरी पेनात भरेल.

लाडवासाठी आणलेला डिंक चालेल का, असं हमखास विचारतात. बाभळीचा असेल तर चालतो. पण वाण्याकडचा डिंक अनेकदा धावड्याचा असतो, आणि तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही. खडे रात्रभर भिजवून सकाळी तळाशी जेलीसारखा चोथा राहिला तर तो शाईत घालू नका. ऑफिसचा चिकटवायचा गोंद तर अजिबातच नको.

*काळी ड्रॉइंग इंक.* म्हणजे काजळी आणि बहुधा लाखेचं द्रावण. वाळली की पाण्याने जात नाही, त्यामुळे रेखाटनावर वरून जलरंगाचा हात फिरवायचा असेल तर हीच. काळेपणा दाट. पण हाच गुण निबेवर उलटतो. लिहिता लिहिता चिरेत शाई वाळते आणि प्रवाह तुटतो. दर पाच-सात मिनिटांनी निब पाण्यात बुडवून पुसायची सवय ठेवा. वाळून कडक झाली तर स्पिरिटमध्ये थोडा वेळ ठेवून ब्रशने काढावी लागते. फाउंटन पेनात ही शाई चुकूनही भरू नका, पेन कायमचा बंद होतो.

*जपानी सुमी आणि चिनी काजळी शाई.* काजळी आणि प्राण्यांपासून काढलेला सरस. बाटलीतली सुमी बऱ्याचदा टाकाला जास्तच घट्ट पडते, तेव्हा तिच्यात थेंबाथेंबाने पाणी घालतात. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी हिच्याइतकी समजूतदार शाई नाही. पसरत नाही, रेघ गडद येते आणि सरावाच्या कागदावर चूक स्वच्छ दिसते. काजळी काळाबरोबर उडत नाही. शतकांपूर्वीचे मोडी कागद अजून काळेभोर वाचता येतात ते काजळीच्या जोरावर.

*लोहाची शाई.* वनस्पतीतलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यांच्या संयोगातून ही होते. युरोपात दस्तऐवज शतकानुशतके हिनेच लिहिले गेले. लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की थोड्या वेळात काळी पडत जाते. केसासारखी रेघ हवी असेल तर हिला तोड नाही, कारण ती जिथे ठेवली तिथेच बसते, कागदात धावत नाही. तोटा एकच, पण मोठा: ती आम्ल असते आणि पोलाद खाते. हिच्यासाठी निब वेगळी ठेवा आणि लिहिणं थांबलं की लगेच धुवा.

ही घरी करता येते. लागणारं टॅनिन मायफळात भरपूर असतं, तेच बाळगुटीतलं मायफळ, काष्ठौषधीवाल्याकडे मिळतं. 30 ग्रॅम मायफळ दगडी खलात जाडसर कुटा. लोखंडी खलबत्ता नको, काळा पडतो आणि प्रमाण बिघडतं. 300 मिली डिस्टिल्ड पाण्यात काचेच्या बरणीत दोन-तीन दिवस भिजू द्या, अधूनमधून ढवळा, मग तलम कापडातून गाळा. या पाण्यात 20 ग्रॅम हिराकस घातला की रंग तत्क्षणी जांभळट काळा होतो. तो बघण्यासाठी तरी एकदा हे करावं. शेवटी 10 ग्रॅम बाभळीचा डिंक थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून घाला. हिराकसाचे खडे फिक्या हिरव्या रंगाचे हवेत. पिवळट-तपकिरी झालेले असतील तर ते हवेने खराब झालेत. शेतीच्या दुकानात फेरस सल्फेट मिळतं, सरावापुरतं चालतं. 20 ग्रॅमच्या वर मात्र जाऊ नका, जादा लोह वर्षांनी कागद तपकिरी करून कुरतडतं. हातमोजे घाला, बाटलीवर नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागू देऊ नका. हिराकस पोटात गेला तर विषारी आहे. मायफळाऐवजी हिरडा घेऊनही शाई होते, आपल्याकडे ती पद्धत जुनीच.

बाजारात ‘ब्लू-ब्लॅक’ नावाच्या बाटल्या दिसतात, त्यांतल्या बहुतेकांत आता लोह नसतं, नुसता रंग असतो. नावावर जाऊ नका, लेबल वाचा.

*रंगीत आणि पांढरी.* काळ्या किंवा गडद कागदावर लिहायला गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, उत्तम. निरशा दुधाइतकं पातळ करा आणि बुडवण्याऐवजी ब्रशने निबेच्या पोटाला लावा, म्हणजे प्रमाण हातात राहतं. पांढऱ्यासाठी डॉ. पीएच. मार्टिन्सचं ‘ब्लीड प्रूफ व्हाइट’ बरेच सुलेखनकार वापरतात. डबीतून थेट नाही, पाण्यात कालवून. ॲक्रिलिक शाईचे रंग झळझळीत असतात, पण वाळल्यावर तिचं प्लास्टिक होतं, म्हणून निब धुण्यात चालढकल नको. अक्रोडी तपकिरी शाईचे दाणे ऑनलाइन मिळतात. पाण्यात हवे तितके विरघळवायचे, चुकलं तरी सावरता येतं.

पुडीची शाई पाण्यात कालवून वापरण्याची आपली सवय तशी जुनी. कॅम्लिनची सुरुवातही 1931 मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या काढून केली होती. पुडीच्या शाईत घट्टपणा आपल्या हातात असतो, टाकाला ते सोयीचंच.

पाणी कोणतं? बोअरवेलचं जड पाणी शाईत घातलं की काही दिवसांत तळाशी गाळ बसतो. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा, एक बाटली खूप दिवस पुरते. डिंकाच्या शाईला पावसाळ्यात बुरशी धरते. लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब घालण्याची रीत आहे, पण खरा उपाय थोडी थोडी शाई करण्याचा. बुरशी आलेली शाई गाळून वापरण्यात शहाणपणा नाही, टाकून द्या.

कागद

झेरॉक्सचा 70–75 जीएसएमचा कागद शाई पितो. त्याच्या तंतूंमधून रेघेला पाय फुटतात. लेझर प्रिंटरसाठीचा गुळगुळीत 100 जीएसएम कागद सरावाला पुरतो. परीक्षा अशी: एक दाबाची आणि एक बिनदाबाची रेघ ओढा, वाळू द्या, भिंगातून कड बघा. कड दातेरी दिसली तर कागद बदला किंवा शाईत डिंक वाढवा. हातकागद दिसायला देखणा असतो, पण टोकदार निबेला त्याचे तंतू अडकतात आणि निब ते ओढत नेते. कट निबेला तो चालतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कागद दमट होतो आणि एरवी चांगला असलेला कागदही पसरवायला लागतो, तेव्हा वह्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

बुडवणं आणि लिहिणं

निबेच्या मध्यावर एक भोक असतं. शाई त्या भोकापर्यंत किंवा किंचित वर चढेल इतकंच बुडवा. होल्डरच्या धातूला शाई लागू देऊ नका, तिथे गंज चढतो आणि पुढे निब निघत नाही. बाहेर काढल्यावर निबेचं पोट बाटलीच्या काठाला हलकेच टेकवा म्हणजे जादा थेंब उतरतो. पहिली रेघ नेहमी रफ कागदावर. पूर्ण भरलेली बाटली वापरू नका, छोट्या झाकणात किंवा दौतीत थोडी ओतून घ्या, म्हणजे खोली कायम सारखी राहते आणि बाटली उलटली तर टेबल वाचतं.

टाक बॉलपेनसारखा उभा धरू नका. कागदाशी साधारण 45 अंशांत, थोडा आडवाच धरा. मग एक नियम लक्षात ठेवा: निबेची चीर आणि रेघ एकाच दिशेत. स्वतःकडे ओढताना दाब, वर नेताना दाब शून्य. वर नेताना दाबलं की टोक कागदात रुततं आणि शाईचे शिंतोडे उडतात. अक्षरांआधी पानभर नुसत्या रेघा काढा, खाली जाड, वर बारीक.

हाच नियम देवनागरीत एक गंमत करतो. पाकळ्या डावी-उजवीकडे फाकतात, त्यामुळे उभा काना दाबून जाड करता येतो, पण शिरोरेघ डावीकडून उजवीकडे जाते आणि ती कितीही दाबली तरी जाड होत नाही. उलट शाई तुटते आणि पाकळ्यांवर नको तो ताण येतो. दोन मार्ग आहेत. शिरोरेघ बारीकच ठेवा, जाड कान्यांवर ती नाजूक आणि छान दिसते. किंवा शब्द पूर्ण झाल्यावर कागद काटकोनात फिरवा आणि शिरोरेघ स्वतःकडे ओढा. वेलांटीची वर जाणारी कमान बिनदाबाने, खाली येणारा दंड दाबून. ‘ग’ आणि ‘म’सारख्या अक्षरांत गाठीजवळ हात थांबतो आणि तिथेच शाई साचते, म्हणून गाठ काढताना दाब आधीच सोडा.

डावखुऱ्यांनी कागद बराच उजवीकडे कलता ठेवून ओळीच्या खालून लिहावं, नाहीतर हात ओल्या शाईवरून जातो. त्यांना सरळ होल्डरच बहुधा सोयीचा पडतो.

एका बुडवणीत किती लिहून होतं? निब, शाई, दाब यांवर दोन शब्दांपासून ओळभरापर्यंत. रेघ फिकी होण्याची वाट बघू नका. शब्द संपला की बुडवा, अक्षराच्या मध्यात नको.

बिघडलं तर

दाबलेल्या रेघेच्या मध्ये पांढरी फट पडून दोन समांतर रेषा दिसतात? शाई संपत आलीय किंवा फार घट्ट झालीय. बुडवा, तरी तेच झालं तर दोन थेंब पाणी घाला. शाई आधीच कोरडी पडतेय आणि निब काहीच देत नाही? टोक पाण्याला हलकेच टेकवा, चिरेत वाळलेली शाई सुटते. टेकवताक्षणी डबका होतं? शाई पातळ आहे किंवा निबेवर तेल उरलं आहे, आधी तेल तपासा. निब खरखरतेय, कागद ओरखडतेय? धरण्याचा कोन जास्त उभा असेल, किंवा होल्डर बोटांत फिरून एकच पाकळी टेकत असेल. दोन्ही ठीक असताना खरखर थांबत नसेल तर निब वाकली आहे.

धुणं आणि ठेवणं

उठताना निब होल्डरमधून काढा, पाण्यात हलवा, ब्रशने चीर साफ करा आणि सुती कापडाने पूर्ण कोरडी करा. कापसाने पुसू नका, तंतू चिरेत अडकतात. रात्रभर पाण्यात ठेवलेली निब सकाळी गंजलेली मिळते. कोरड्या निबा छोट्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर. ओल्या निबा डबीत बंद केल्यात तर पावसाळ्यात चार दिवस पुरतात.

निब ही संपणारी वस्तू आहे. बारीक रेघ जाड यायला लागली किंवा टोकं मिटेनाशी झाली की तिचा काळ झाला. म्हणून आवडलेली निब डझनाने घ्या. बोथट झालेली लगेच फेकू नका, गवाश आणि पांढऱ्या रंगासाठी अजून चालते. टाकायचीच तर कागदात गुंडाळून टाका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला टोक लागतं.